खाली टोक असलेला त्रिकोण

पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यात, पवना जलाशयाच्या परिसरात, तिकोणा पेठ नावाचे गाव आहे. गावाला नाव किल्ल्याचे मिळाले आणि किल्ल्याला एका भौमितिक आकृतीचे. वितंडगड असे त्याचे दुसरे, अधिक भारदस्त नाव असले तरी ते बखरी-कागदांपुरते राहिले आणि लोकांच्या तोंडी तिकोणाच रुळले, कारण लांबून पाहणाऱ्याला या डोंगराचा माथा तीन रेषांत मावलेला दिसतो. पेठेतून वर चढू लागले की मात्र तो त्रिकोण हळूहळू विरत जातो. कातळात खोदलेली लेणी, पाण्याची टाकी, दमछाक करणाऱ्या उंच दगडी पायऱ्या, बुरूज आणि माथ्यावरचे महादेवाचे मंदिर एकेक करून समोर येतात आणि गडावर पोहोचलेल्या माणसाला त्रिकोण म्हणून काहीच दिसत नाही. आकृती दिसण्यासाठी अंतर लागते आणि तपशील गाळावा लागतो, हे भित्तिचित्रकाराला शिकावे लागते, पवन मावळातील गुराख्याला मात्र ते डोळ्यांनीच ठाऊक असते.

याच किल्ल्याच्या इतिहासात दुसरीही एक गोष्ट दडलेली आहे. शिवाजी महाराजांनी १६६५ च्या पुरंदरच्या तहात जे २३ किल्ले मोगलांच्या हवाली केले त्यांत लोहगड, विसापूर आणि तुंग यांच्याबरोबर तिकोणाही होता. तहानंतर गडाच्या तीन रेषांत केसाएवढाही फरक पडला नाही, पण ज्या आकाराकडे पाहून खालच्या खोऱ्याला कालपर्यंत आधार वाटत होता तोच आकार आता परक्या ठाण्याचा झाला. राजकीय भित्तिचित्रांतील भौमितिक आकारांची कहाणी पुष्कळशी याच वळणाने जाते.

कोणत्याही विशिष्ट वस्तूचे, माणसाचे वा प्रसंगाचे चित्रण न करणाऱ्या आकाराला कलेच्या परिभाषेत अमूर्त आकार म्हणतात. वर्तुळ, त्रिकोण, चौकोन हे त्याचे सर्वांत साधे नमुने. असे आकार राजकीय प्रचारासाठी वापरण्याचे जगप्रसिद्ध उदाहरण म्हणजे रशियन चित्रकार एल लिसित्स्की याने विटेब्स्क येथे १९१९-२० च्या सुमारास केलेले भित्तिपत्रक. काझिमिर मालेविचने १९१५ मध्ये पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळा चौकोन रंगवून ‘सुप्रेमॅटिझम’ या चित्रपंथाची घोषणा केली होती. या पंथाच्या मते चित्राने वस्तूंची नक्कल सोडून शुद्ध आकार आणि रंग यांच्याच बळावर उभे राहायला हवे. लिसित्स्कीने हा विचार रशियातील यादवी युद्धाच्या कामाला जुंपला. त्याच्या पत्रकाच्या डाव्या बाजूने एक लाल त्रिकोण येतो आणि उजवीकडच्या काळ्या भागातील पांढऱ्या वर्तुळात घुसतो. आजूबाजूला लहानमोठे तुकडे उडालेले असतात आणि चार रशियन शब्द त्या हालचालीच्या रोखाने विखुरलेले असतात. त्यांचा आशय असा, की लाल पाचरीने पांढऱ्यांना ठोका. लाल म्हणजे बोल्शेविक आणि पांढरे म्हणजे त्यांचे सशस्त्र विरोधक.

पाचर हा शब्द मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. लाकूड फोडताना चिरेत ठोकायची ती पाचर, खिळखिळ्या दांड्यात घट्टपणासाठी मारायची तीही पाचर, आणि दुसऱ्याच्या चालत्या कामात मुद्दाम घालून ठेवायची तीदेखील पाचरच. फोडणे, घट्ट करणे आणि अडवणे ही तिन्ही कामे एकाच निमुळत्या तुकड्याने होतात. त्यामुळे लिसित्स्कीचा त्रिकोण लाकूडतोड्याला कळायला हरकत नाही असे वाटते. तरीही त्या पत्रकावरचे चार शब्द झाकून पाहावेत. उरलेल्या चित्रात एक टोकदार आकार एका गोल आकारात घुसलेला दिसतो, एवढेच. कोणी कोणाला मारावे आणि का मारावे, याचा त्यात मागमूस नसतो. शिवाय त्यातील ‘ठोका’ हे क्रियापद ज्यूविरोधी दंगलींच्या घोषणेतून रशियन कानांना आधीच परिचित होते आणि ज्यू असलेल्या लिसित्स्कीने ते उलट्या बाजूने वळवून वापरले, हे लक्षात घेतले तर पत्रकाचा अर्धा जोर भूमितीचा नसून भाषेचा आहे हे मान्य करावे लागते. कलेच्या इतिहासात या पत्रकाला मिळालेले स्थान त्याच्या रचनेमुळे योग्यच आहे. परंतु अमूर्त आकार अक्षरशत्रू माणसाशी थेट बोलतो असा जो निष्कर्ष त्यावरून काढला जातो तो घाईचा आहे.

स्वतंत्र भारताने पहिली सार्वत्रिक निवडणूक घेताना नेमका उलटा रस्ता धरला. १९५१-५२ च्या त्या निवडणुकीत बहुसंख्य मतदारांना वाचता येत नव्हते, म्हणून प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी ठेवून तिच्यावर चिन्ह लावण्यात आले आणि ही चिन्हे बैलजोडी, झाड, झोपडी, दिवा, हत्ती अशी रोजच्या पाहण्यातली होती. बैलजोडीचे तोंडाने नाव घेता येते, सभेत ओरडून सांगता येते, घरी जाऊन बायकोला सांगता येते. ‘उजवीकडच्या निळ्या वर्तुळाला मत द्या’ असे सांगून कोणी मत मागू शकले नसते.

मग महाराष्ट्रात भौमितिक आकार राजकारणात बोलतच नाहीत की काय? बोलतात, पण ज्यांच्यापाशी आधीचे भांडवल आहे तेच. वारकऱ्याच्या खांद्यावरची त्रिकोणी पताका आणि मराठ्यांच्या भगव्या झेंड्याची दोन टोके यांना छापखाना येण्याच्या कितीतरी आधीपासून वाचक होते. २२ जुलै १९४७ रोजी राष्ट्रध्वजावर चरख्याच्या जागी अशोकचक्र स्वीकारले गेले, तेव्हा दिलेल्या कारणांत एक कारण चक्क भूमितीचे होते: चरख्याचे चित्र कापडाच्या दोन्ही बाजूंनी सारखे दिसत नाही, तर चक्र सममित असल्यामुळे उलटसुलट कसेही पाहिले तरी तेच राहते. पुढे तेच चोवीस आऱ्यांचे चक्र आंबेडकरी चळवळीच्या निळ्या झेंड्यावर आले. तिरंग्यावर ते राष्ट्राचे आणि निळ्यावर ते बुद्धाच्या धम्माचे व बाबासाहेबांच्या वारशाचे. आकृती एकच, पण वस्तीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या खांबावर ते चक्र दिसले की त्याचा अर्थ सांगायला शेजारी एक अक्षरही लिहावे लागत नाही. शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेचा अष्टकोन हे आणखी अलीकडचे उदाहरण. महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने २३ जानेवारी २०२० रोजी आपला जुना बहुरंगी झेंडा बाजूला ठेवून राजमुद्रा असलेला भगवा झेंडा घेतला, तेव्हा पक्षाच्या झेंड्यावर मुद्रा वापरण्यालाच हरकती घेतल्या गेल्या. पुढे २ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे भारतीय नौदलाच्या नव्या ध्वजावर त्याच मुद्रेपासून घेतलेली दुहेरी सोनेरी कडांची अष्टकोनी चौकट आली आणि तिचे स्वागत झाले. भांडण आठ बाजूंचे नव्हतेच. मुद्रा कोणाच्या हातात शोभते, याचे होते.

या सर्व आकारांचा अर्थ वारशाने आलेला होता. वारसा नसताना, केवळ सरकारी निश्चयाने आणि रंगाच्या डब्यांनी अर्थ भरलेला असा आकार महाराष्ट्राच्या भिंतींनी एकच पाहिला आहे आणि तो म्हणजे कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण.

भारत सरकारने १९५२ मध्ये कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. असा सरकारी कार्यक्रम हाती घेणारा हा जगातील पहिला देश. मराठी समाजात हा विषय त्याच्या तीस वर्षे आधीच येऊन आदळला होता. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. या कार्यापायी त्यांना महाविद्यालयातील प्राध्यापकी गमवावी लागली आणि न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. ते प्राध्यापक गणिताचे होते, हा योगायोग भूमितीवरील प्रकरणात नमूद करून ठेवण्यासारखा आहे. पुण्याच्या शकुंतला परांजपे यांनीही हे काम पुढे नेले. परंतु कर्व्यांचे साधन गद्य होते, सडेतोड आणि तर्कशुद्ध गद्य, आणि ते वाचणाऱ्यांपुरतेच पोहोचत होते. सरकारला कोट्यवधी न वाचणाऱ्यांपर्यंत जायचे होते, तेही अशा विषयासाठी ज्याचे वास्तव चित्र चावडीच्या भिंतीवर काढणे कोणालाच मानवले नसते. ज्या गोष्टीचे चित्र काढता येत नाही आणि नाव मोठ्याने घेता येत नाही तिच्यासाठी अमूर्त आकार सोयीचा असतो. येथे बैलजोडी चालली नसती.

लाल त्रिकोणाचे श्रेय केंद्रीय कुटुंबनियोजन विभागातील अधिकारी दीप त्यागी यांना दिले जाते. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात या प्रचाराचा साचा ठरला: चार हसऱ्या चेहऱ्यांची साधी रेखाकृती, म्हणजे आई, वडील, मुलगा आणि मुलगी, दोन किंवा तीन मुलांवर थांबण्याचा सल्ला देणारी एक छोटी घोषणा, आणि टोक खाली असलेला लाल समभुज त्रिकोण, म्हणजे तिन्ही बाजू सारख्या लांबीचा त्रिकोण. भारतभर वेगवेगळ्या भाषांत वेगवेगळी चित्रे काढण्यापेक्षा एकच आकार सगळीकडे, असे हे धोरण होते. पुढे दोन-तीनचे दोनच झाले, ‘हम दो, हमारे दो’ घरोघर पोहोचले, मराठीत ‘छोटे कुटुंब, सुखी कुटुंब’ रूढ झाले. पण त्रिकोणाला हात लावावा लागला नाही.

हा आकार इतका पसरण्याचे पहिले कारण कलाविचारात नव्हे, रंगाऱ्याच्या हातात शोधायला हवे. बैलजोडी काढायला चित्रकार लागतो. समभुज त्रिकोण काढायला एक दोरी, एक खिळा आणि खडूचा तुकडा पुरतो. चुना दिलेल्या भिंतीवर आधी सूत मारून आडवी रेघ घ्यायची, समजा चार फुटांची. तेवढ्याच लांबीची दोरी रेघेच्या एका टोकाशी धरून खाली एक कंस काढायचा, मग दुसऱ्या टोकाशी धरून दुसरा. दोन कंस जेथे एकमेकांना छेदतात तेथे त्रिकोणाचे टोक. रेघेच्या मध्यातून ओळंबा सोडला आणि तो बरोबर त्या छेदावर आला की काम बिनचूक. चार फूट बाजूच्या त्रिकोणाची उंची साधारण तीन फूट साडेपाच इंच भरते, पण हा हिशेब रंगाऱ्याला माहीत असण्याची गरज नाही, दोरीला तो माहीत असतो. आत गेरू भरा, काव भरा की डब्यातला तेलरंग भरा. घाटातून जाणाऱ्या एसटीच्या खिडकीतूनही तो ओळखू येतो. पत्र्याचा साचा कापून घेतला तर शिपाईसुद्धा एका दुपारी गावातल्या दहा भिंती उरकू शकतो.

दुसरे कारण टोकाच्या दिशेत आहे. बुडावर बसलेला त्रिकोण स्थिर असतो, डोंगरासारखा. तिकोणा म्हणूनच अढळ वाटतो. टोकावर उभा केलेला त्रिकोण मात्र डोळ्याला स्वस्थ बसू देत नाही, तो आता पडेल असे वाटत राहते आणि म्हणून नजर त्याच्याकडे पुन्हा जाते. रस्त्यावरच्या ‘वाट द्या’ या फलकाचा त्रिकोणही असाच टोकावर उभा असतो. भारतीय मनाला उलट्या त्रिकोणाची आणखी एक ओळख होती: देवीच्या यंत्रात खाली टोक असलेला त्रिकोण शक्तीचा, स्त्रीतत्त्वाचा मानला जातो आणि श्रीयंत्राच्या नऊ त्रिकोणांपैकी पाच असे खाली टोक असलेले आहेत.

युरोपात मात्र याच आकाराला, याच रंगात, अंगावर काटा आणणारा भूतकाळ होता. नाझींच्या छळछावण्यांत कैद्यांच्या कपड्यांवर टोक खाली असलेला कापडी त्रिकोण शिवत आणि त्यातील लाल रंग राजकीय कैद्यांचा असे. जून २०२० मध्ये अमेरिकेत डोनाल्ड ट्रम्प यांच्या प्रचारमोहिमेच्या जाहिरातींत उलटा लाल त्रिकोण आला तेव्हा फेसबुकने त्या जाहिराती याच कारणाने काढून टाकल्या. महाराष्ट्रातल्या आरोग्य केंद्राच्या भिंतीवर मात्र हा इतिहास कधीच पोहोचला नाही; तेथे त्या त्रिकोणाखाली माणसे निवांत रांगेत बसत. आकाराला स्मरणशक्ती नसते, ती पाहणाऱ्याला असते.

पहिली काही वर्षे मराठी मुलखात लाल त्रिकोणाचा स्वर आर्जवाचाच होता. मुंबईत डॉ. डी. एन. पै यांच्या पुढाकाराने रेल्वे स्थानकांवर नसबंदीची, म्हणजे पुरुषांवरील शस्त्रक्रियेची, केंद्रे उघडली गेली. १९६८ पासून पाच पैशांना एक या दराने ‘निरोध’ किराणा दुकानात आणि पानाच्या गादीवर मिळू लागला. त्रिकोणाने एक मोठेच काम केले: ज्या विषयावर कर्व्यांना कोर्टात खेचले गेले तो विषय त्याने उच्चार न करता चारचौघांत आणून ठेवला. दुकानदाराला किंवा परिचारिकेला काही विचारायचे तर बोट दाखवले तरी पुरे होते. लाजाळू समाजात अमूर्त आकार किती उपयोगी पडू शकतो, याचा इतका स्वच्छ दाखला अन्यत्र सापडणे कठीण.

जून १९७५ मध्ये आणीबाणी आली आणि पुढच्या दीड-पावणेदोन वर्षांत त्रिकोणाचा स्वर बदलला. आरोग्यसेवकांपुरते असलेले लक्ष्यांक अनेक राज्यांत शिक्षकांवर आणि महसूल कर्मचाऱ्यांवरही येऊन पडले, ‘केस आणणे’ हा सरकारी मराठीतला वाक्प्रचार खेडोपाडी कानावर पडू लागला आणि देशात १९७५-७६ मध्ये सुमारे २७ लाख असलेला नसबंदी शस्त्रक्रियांचा आकडा १९७६-७७ मध्ये ८२ लाखांच्या पुढे गेला. महाराष्ट्र विधिमंडळाने १९७६ मध्ये तीन अपत्यांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही, परंतु तोवर धास्ती पसरली होती. या काळात भिंतीवरचा त्रिकोण कोणी नव्याने काढला नव्हता. तीच चार फुटांची रेघ, तेच खालचे टोक, तोच लाल रंग. बदलले होते ते त्याखाली येऊन थांबणाऱ्या जीपचे काम. ज्या टोकाने नजर खेचायची होती तेच आता पाचरीसारखे रोखलेले वाटू लागले आणि ज्या लाल रंगाने लक्ष वेधायचे होते तो धोक्याचा झाला. भित्तिचित्राच्या रचनेत चूक शोधणाऱ्याला येथे काहीच सापडणार नाही. आकार मुळात रिकामा होता, म्हणून त्यात सल्ला भरता आला. आणि रिकामा होता म्हणूनच त्यात जबरदस्तीही तितक्याच सहजपणे मावली.

१९७७ च्या सत्तांतरानंतर नव्या सरकारला हा कार्यक्रम सोडताही येत नव्हता आणि त्या नावाने चालवताही येत नव्हता. तेव्हा नाव बदलले गेले. ‘कुटुंबनियोजन’ जाऊन ‘कुटुंबकल्याण’ आले. त्रिकोण मात्र जागच्या जागी राहिला. भिंतीच्या पातळीवर याचा अर्थ असा, की रंगाऱ्याने खालचा अर्धा शब्द चुन्याने पुसून त्यावर दुसरा अर्धा लिहायचा, वरच्या तांबड्या आकृतीला कुंचलाही लावायचा नाही. बदनामीचा डाग शब्दावर पडला असे मानून आकार निर्दोष ठरवण्यात आला, हा त्या काळाचा हिशेब. पुरुष मात्र त्या आकाराखाली परत आले नाहीत. नसबंदीचा भार हळूहळू जवळजवळ पूर्णपणे स्त्रियांवर सरकला. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील विवाहित जोडप्यांपैकी ३७.९ टक्के स्त्री-शस्त्रक्रियेवर अवलंबून होती, तर पुरुष-शस्त्रक्रियेवर फक्त ०.३ टक्के. देवीच्या यंत्रात खाली टोक असलेला त्रिकोण स्त्रीचा, हे वाक्य या आकड्यांशेजारी ठेवले की त्याची चव कडवट होते.

आता मावळातल्या रस्त्यांच्या कडेला फ्लेक्सचे फलक असतात आणि त्यांवर आकृत्या नसतात, चेहरे असतात: वरच्या रांगेत मोठ्या नेत्यांचे, मध्यभागी वाढदिवस असलेल्याचे, तळाशी शुभेच्छुकांचे, टपाल तिकिटाएवढे. चेहरा छापणे त्रिकोण रंगवण्यापेक्षा स्वस्त झाल्यावर भूमितीची गरज संपली. लाल त्रिकोणाने सांगितलेली गोष्ट मात्र संपलेली नाही, तिने केवळ जागा बदलली. महाराष्ट्रातील कायद्यानुसार, सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झालेल्या व्यक्तीला ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. मावळातल्या कोणत्याही गावात पंचायतीची निवडणूक लागली की उमेदवारी अर्ज भरताना इच्छुकाला आपल्या मुलांचे जन्म लिहून द्यावे लागतात, आणि छाननीच्या दिवशी निवडणूक अधिकाऱ्याच्या टेबलाभोवती जमलेली माणसे प्रतिस्पर्ध्याच्या घरातल्या तिसऱ्या पाळण्याची तारीख बोटांवर मोजत उभी असतात.